दुपारची वेळ कोणी ठरवली

परिषदेच्या इमारतीत तिला कोणी नावाने हाक मारत नाही. सगळे म्हणतात, वरखाली. "वरखाली कुठे आहे?" "वर." "मग येईल खाली." हा विनोद रोज होतो आणि रोज कोणीतरी त्याला हसतं. सरकारी इमारतीत नवा विनोद मंजूर व्हायला वेळ लागत असावा. तीही हसते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका पितळी दांडीला धरून चार मजले वर आणि चार मजले खाली करणाऱ्या बाईला दुसरं म्हणणार तरी काय.

लिफ्ट जुनी. जाळीचं सरकतं दार, आत लाकडी फळ्या, कोपऱ्यात उंच स्टूल आणि स्टुलाशेजारी ती दांडी. दांडी उजवीकडे दाबून धरली की लिफ्ट वर, डावीकडे दाबली की खाली. हात सुटला की दांडी आपोआप मधोमध येते आणि लिफ्ट असेल तिथे उभी राहते. बटणबिटण काही नाही. मजला आला की हात असा सोडायचा की आतली फरशी आणि बाहेरची फरशी एका पातळीत आली पाहिजे. त्याला मजला लावणं म्हणतात. ज्याला मजला लावता येत नाही त्याच्या लिफ्टमधून माणसं ठेचकाळत बाहेर पडतात आणि मग त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करतात.

नोकरी मुळात नवऱ्याची. तो गेला आणि त्याच्या जागेवर हिला घेतलं. पहिले काही दिवस तर विचारूच नका. लिफ्ट कधी मजल्याच्या वर, कधी खाली, बाहेर पडणाऱ्याला एक तर उडी मारावी लागे नाहीतर चढावं लागे. एक जाडा कारकून रोज म्हणायचा, "बाई, मला तिसऱ्यावर जायचंय. तिसऱ्याच्या आसपास नाही." शेवटी लिफ्टची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीला तिची दया आली. तो म्हणाला, "पोरी, डोळ्याने बघून थांबवू नकोस. पोटात जरा हलकं वाटलं की हात सोड." तिने तसं केलं आणि महिन्याभरात मजले लागायला लागले. आता ती बोलता बोलता मजला लावते, आणि कारकून तिच्याशी पेढ्यासारखं गोड बोलतो, तुझ्या हाताला गुण आहे म्हणतो. खरं तर गुण पोटाचा आहे, पण हे तिने कोणाला सांगितलेलं नाही.

नवऱ्याने मात्र तिला एकच गोष्ट शिकवली होती, तीही ती घरी असताना, गप्पांच्या ओघात. लिफ्टमधलं लिफ्टमध्येच. चार मजले जाईपर्यंत माणसं काय काय बोलतात. कोणाची बदली, कोणाची लफडी, कोणाच्या बायकोचं माहेर. आपण दाराकडे तोंड करून बसायचं, अळीमिळी गुपचिळी. भिंतीला कान असतात म्हणून माणसं घाबरतात, पण दांडी धरून बसलेल्यालाही दोन कान असतात हे कोणाच्या ध्यानीमनी नसतं. नवरा हे हसत सांगायचा. त्याला वाटायचं, आपण फार मोठी माणसं आतून पाहिली आहेत.

तो कसा गेला ते आता सांगायला हवं. हे गाव डोंगर संपून सपाटी सुरू होते तिथलं. डोंगराकडचे लोक एका देवाचे, सपाटीकडचे दुसऱ्याचे, आणि बाजार दोघांचा. भांडणं व्हायची, पण ती मापात मारल्याची, सावलीत दुकान लावल्याची. मग संघटना उभी राहिली. तिचं म्हणणं असं की डोंगराकडचा मुलूख देवाने आपल्याला नेमून दिलेला आहे. तो वेगळा काढा. तिथे देवाचाच कायदा चालेल, धरण आपलं, घाटातला रस्ता आपला, आणि सपाटीकडच्यांनी दुकानं आवरून खाली उतरावं. भिंतीवर त्यांचे कागद लागायचे, त्यात वर देवाचं नाव असायचं आणि खाली जिल्ह्यांची यादी. आधी एका बसमध्ये स्फोट झाला. मग पुलाच्या नाक्यावर. मग बाजारात, भरदुपारी.

हा बाजारात होता. आईच्या शिलाई मशीनचा पट्टा तुटला होता, तो आणायला गेला होता. आता गंमत बघा, गंमत कसली, पण बघा. हा माणूस कधीच दुपारी बाजारात जायचा नाही. जे काय आणायचं ते संध्याकाळी, कामावरून सुटल्यावर. डबासुद्धा लिफ्टमध्ये बसून खायचा. त्या एकाच दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो उठून का गेला, हे कोणालाच कळलं नाही. बायकोने तर रात्र रात्र जागून याचा विचार केला आणि सोडून दिला. पट्टे विकणाऱ्याचं दुकान सपाटीकडच्या माणसाचं होतं. दुकानही गेलं आणि दुकानदारही.

हे कुटुंब संघटनेच्याच देवाचं, म्हणजे घरचंच. हा बाँब त्यांच्यासाठी नव्हता. मग संघटनेने काय करावं? आठवड्याभरात जाहीर केलं की बाजारात आपले जे गेले ते मेले नाहीत, ते अर्पित झाले. देवाने त्यांना निवडून घेतलं. चार माणसं घरी आली, गंभीर चेहऱ्यांची, स्वच्छ कपड्यांची. त्यांनी सासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि त्यांच्या मुलाचा फोटो प्रार्थनाघरात लावायला मागून घेतला. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला वाटलं, आता सासूबाई यांना उभे चिरतील. सासूबाईंची जीभ आळीत प्रसिद्ध होती, दूधवाला त्यांच्या दारात पाणी घालायला धजत नसे. पण त्यांनी फोटो दिला. वर म्हणाल्या, "खरंच निवडलं का हो त्याला?" चौघांपैकी एक म्हणाला, "नाहीतर तो दुपारी तिथे कसा असता, आई?"

बस. त्या दिवसापासून सासूबाईंना हे वाक्य मिळालं आणि त्यांनी ते धरून ठेवलं. कधी जायचा नाही, त्याच दिवशी का गेला? देवाने बोलावलं म्हणून गेला. कोणी भेटायला आलं की हेच. प्रार्थनाघरात त्यांना पुढच्या रांगेत जागा मिळाली. अर्पिताची आई म्हणून बायका त्यांच्यापुढे वाकू लागल्या. जिभेची धार गेली. पहाटे उठून मोठमोठ्याने प्रार्थना म्हणायच्या, इतक्या मोठ्याने की देव बहिरा नसेल तर वैतागला असेल.

सुनेला याचा राग यायचा, आणि तो तिने कधी बोलून दाखवला नाही. मारणाऱ्यानेच मारायचं, त्यानेच फोटोला हार घालायचा आणि आपण त्याला धन्यवाद द्यायचे? पण बोलायचं कोणाशी? घरात दोघीच. मूलबाळ नाही. मीठ कमी, कपडे भिजले, गॅस संपला, यावर दोघी कडाकडा भांडायच्या आणि मग एकमेकींच्या ताटात वाढायच्या. तेवढा एक विषय सोडून सगळं बोलायच्या. एकदाच तिने म्हटलं होतं, "आई, तो पट्टा आणायला गेला होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं." सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

अशी दहा-बारा वर्षं गेली. मग वाटाघाटी संपल्या आणि समझोता झाला. वेगळा मुलूख काही मिळाला नाही, पण परिषद मिळाली, तिच्याखाली जिल्हे मिळाले, खाती मिळाली, गाड्या मिळाल्या. देवाचा कायदा एका समितीकडे गेला आणि तिथे त्याला छान झोप लागली. संघटनेचे म्होरके निवडून आले आणि याच इमारतीत बसायला लागले. सगळ्यात मोठा म्होरक्या सभापती झाला. आधी करून करून भागतात आणि मग देवपूजेला लागतात, अशी आपल्याकडे रीत. यांनी ती उलटी केली.

दारावर तपासणीला एक मिशीवाला शिपाई आहे, सपाटीकडचा. त्याने या सभापतींचा 'पकडून द्या'वाला फोटो स्वतःच्या हाताने फाटकावर चिकटवला होता. आता तो रोज त्यांना सलाम ठोकतो. तो वरखालीला म्हणाला, "माझ्या कामात काही फरक पडला नाही. आधी याचा फोटो बाहेर लावायचो, आता आत लावला. फक्त काच जास्तीची."

सभापती रोज तिच्या लिफ्टने जातात. लोक त्यांना साहेब म्हणतात, तीही म्हणते. माणूस बारीक, केस पिकलेले, बोलणं मऊ. तिच्याकडे त्यांनी कधी मान वर करून पाहिलं नाही. यात त्यांचा विशेष दोष नाही, कोणीच पाहत नाही. त्यांना वाटतं लिफ्ट आपणहून वर जाते. पहिल्या दिवशी त्यांना वर नेताना तिला वाटलं होतं, आज मजला चुकणार. पण मजला बरोबर लागला, आणि मग रोज लागत गेला. माणसाला कशाचीही सवय होते. तिला स्वतःची लाज वाटायची, आणि घरी गेल्यावर वरणाला फोडणी देताना ती विसरायची.

असंच एकदा साहेब आणि त्यांचा जुना जोडीदार, जो आता उपसभापती आहे, दोघेच लिफ्टमध्ये होते. वरच्या मजल्यावर अर्पितांच्या नावांची भिंत उभारायची होती, त्याचा आराखडा बघून खाली येत होते. जोडीदार म्हणाला, "बाजारातली नावं सगळ्यात जास्त आहेत."

"असणारच. दुपारची गर्दी."

"मी तेव्हा संध्याकाळी म्हणत होतो."

"तू नेहमी संध्याकाळीच म्हणायचास," साहेब हसले. "संध्याकाळी केलं असतं तर रात्रीच्या बातम्या हुकल्या असत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारचे लोक बोलणीला बसणार होते. रात्री त्यांनी टीव्हीवर बघितलं आणि सकाळी टेबलाशी आले तेव्हा पाण्याचा ग्लास धरता येत नव्हता त्यांना. त्याच बैठकीत दोन जिल्हे जास्तीचे कबूल झाले."

"पोरांना तर सांगितलं होतंस, देवाने नेमलेली वेळ आहे."

"मग काय सांगायचं? दोन जिल्ह्यांसाठी कोण जीव धोक्यात घालतो?"

लिफ्ट तळाला लागली. फरशीला फरशी बरोबर. ते दोघे उतरले आणि जाडा कारकून आत आला. "तिसरा," तो म्हणाला. तिने त्याला तिसऱ्यावर नेलं. 

संध्याकाळी. तिच्या डोक्यात तोच एक शब्द फिरत राहिला. त्या जोडीदाराचं ऐकलं असतं तर संध्याकाळी, आणि दुपारी बाजारात गेलेला माणूस पट्टा घेऊन परत आला असता, स्टुलावर बसला असता, डबा उघडला असता. देवाने नव्हे, एका मऊ बोलणाऱ्या माणसाने बातम्यांची वेळ बघून ठरवलं. तिच्या नवऱ्याच्या जिवाला तेवढं कारण पुरलं.

पंधरा दिवसांनी घरी निमंत्रण आलं. अर्पितांच्या भिंतीचं अनावरण, अर्पितांच्या मातांच्या हस्ते. बाजारातल्यांच्या वतीने सासूबाईंचा मान, कारण बाकीच्यांपैकी कोणाची आई आता हयात नव्हती. सासूबाई हरखून गेल्या. ठेवणीतले कपडे काढले, इस्त्री केली, मोडली म्हणून पुन्हा केली. समारंभात दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. त्या दिवसभर घरात फिरून तेच घोकत होत्या, "देवाने माझा मुलगा निवडला." भाजी चिरताना थांबायच्या आणि विचारायच्या, "निवडला म्हणू, की निवडून घेतला म्हणू?"

सून म्हणायची, "काहीही म्हणा." आणि भांडी घासायला घ्यायची. सांगावं तर म्हातारीच्या पायाखालची जमीन जाणार. इतकी वर्षं ती ज्या एका वाक्यावर उभी आहे तेच काढून घ्यायचं. न सांगावं तर आपल्या नवऱ्याच्या आईने, सगळ्यांच्या देखत, मारेकऱ्याच्या शेजारी उभं राहून, त्याच्या मरणावर आपला अंगठा उठवायचा. एकदा दगडात नाव कोरलं की तो कायमचा त्यांचा. मशीनचा पट्टा आणायला गेलेला तिचा माणूस मग कुठेच उरणार नाही. तिला दोन्ही नको होतं आणि तिसरं काही सुचत नव्हतं.

तिने मिशीवाल्याला विचारलं. काय ऐकलं ते नाही सांगितलं, नियम तो नियम. एवढंच म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाचा खोटा आधार काढून घ्यावा का?"

त्याने मिशीवरून हात फिरवला. "मला विचारू नकोस बाई. तुमच्या माणसांना खोटी का होईना, भिंत तरी आहे. त्या दुपारी आमचीही माणसं गेली. ती कुठल्या भिंतीवर आहेत? पट्टे विकणाऱ्याची पोरं इथून उठून गेली, ती कुठे आहेत तेही कोणाला ठाऊक नाही." मग त्याला वाटलं आपण फार बोललो. "पण नको सांगूस. म्हातारी आहे. काय फरक पडतो आता."

नाहीच सांगायचं, असं तिने ठरवलं.

समारंभाच्या दिवशी सकाळी सासूबाई इमारतीत आल्या. दारात साहेब स्वतः उभे होते. त्यांनी सासूबाईंचा कोपर धरला, हळूहळू चालवत लिफ्टपाशी आणलं, आणि मागे आलेल्या लोकांना हाताने थांबवलं. "आईंना मी नेतो. तुम्ही जिन्याने या." जाळी ओढली गेली. आत तिघं. सासूबाईंनी सुनेकडे पाहून डोळे मिचकावले, बघ, कोण मला घेऊन चाललंय. सुनेने दांडी उजवीकडे दाबली.

पहिला मजला गेला. सासूबाई म्हणाल्या, "साहेब, मी काय बोलू तिथे? मला भाषण येत नाही."

"मनातलं बोला, आई." आवाज मऊ. "त्या दुपारी देवानेच त्याला तिथे नेलं. ती वेळ देवाची होती."

लिफ्ट थांबली. तिने थांबवली नव्हती, हे नीट ध्यानात घ्या. तिचा हात सुटला. इतक्या वर्षांत कधी मजल्यांच्या मध्ये तिचा हात सुटला नव्हता, नव्या शिकाऊ माणसाचा सुटतो तसा सुटला. दांडी मधोमध आली आणि जाळीपलीकडे दोन मजल्यांमधली कच्ची भिंत दिसायला लागली.

"काय झालं?" साहेब म्हणाले, आणि पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं.

आणि तिच्या तोंडून निघून गेलं. "संध्याकाळी केलं असतं तर रात्रीच्या बातम्या हुकल्या असत्या. नाही का, साहेब?"

साहेबांचा चेहरा बदलला नाही, पण सासूबाईंच्या कोपराखालचा त्यांचा हात बाजूला झाला. सासूबाईंनी एकदा साहेबांकडे बघितलं, एकदा सुनेकडे.

"ही काय म्हणते?"

"आई, जुन्या गोष्टी आहेत. लिफ्ट सुरू करा बाई, वर लोक थांबलेत."

"ही बाई नाही, माझी सून आहे," सासूबाई म्हणाल्या. "त्याची बायको. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

नव्हतं, हे दिसलं. साहेबांनी जाळीकडे पाहिलं. जाळीपलीकडे भिंत होती. सून दांडी धरून बसली होती, पण दाबत नव्हती. आता मात्र ती मुद्दाम दाबत नव्हती.

"दुपारची वेळ कोणी ठरवली?" सासूबाईंनी विचारलं. दूधवाल्याला विचारायच्या तसं, पाणी किती घातलंस.

"संघटनेने, आई."

"संघटना म्हणजे कोण? तिला काही तोंड असेल ना."

तो माणूस खोटं बोलू शकला असता. आयुष्यभर बोलला होता, सभांतून, कागदांतून. पण चार फुटांच्या पेटीत, कोणी टाळ्या वाजवायला नसताना, समोर एक म्हातारी उत्तराची वाट बघत उभी असताना, ते त्याला जमलं नाही. "मी," ते म्हणाले.

"देवाने नाही?"

"मी."

सून पटकन उठली आणि स्टूल पुढे केलं. तिला वाटलं म्हातारी आता कोसळणार. सासूबाई बसल्या, पण कोसळल्या नाहीत. बोलल्या तेव्हा सुनेशी बोलल्या.

"मी फोन केला होता त्याला. इथे, कचेरीत. तो म्हणाला संध्याकाळी आणतो. मी म्हटलं संध्याकाळी नको, शेजारणीचे कपडे आजच द्यायचेत, आत्ताच जा. तो नको म्हणत होता. मी ओरडले त्याच्यावर. तुझ्याकडून माझ्या मेलीची कामं कधी वेळेवर होत नाहीत, म्हणाले."

सुनेने इतकी वर्षं ज्याचा विचार करून सोडून दिला होता, ते कोडं स्वयंपाकघरात तिच्या शेजारी बसून भाजी चिरत होतं.

सासूबाई साहेबांकडे वळल्या. "म्हणजे दुपार दोघांनी ठरवली. एक मी आणि एक तुम्ही. मी पट्ट्यासाठी ठरवली. तुम्ही कशासाठी?"

साहेबांनी पुन्हा जाळीकडे पाहिलं.

"दोन जिल्ह्यांसाठी," सून म्हणाली.

"मिळाले?" सासूबाईंनी त्यांनाच विचारलं.

"मिळाले," साहेब अगदी हळू म्हणाले.

"मला पट्टाही नाही मिळाला," सासूबाई म्हणाल्या. "ने गं वर. थांबलेत ना लोक."

तिने दांडी दाबली. चौथा मजला आला. तिचे डोळे भरले होते, फरशी दिसत नव्हती, तरी मजला बरोबर लागला. बाहेर माणसं दोन्ही बाजूंना उभी होती, टाळ्या सुरू झाल्या. सासूबाई बाहेर आल्या, भिंतीपाशी गेल्या, पडदा ओढायची दोरी त्यांच्या हातात दिली गेली. त्यांनी ती दोरी जवळच्या माणसाच्या हातात परत दिली. माईकमध्ये बोलायला त्यांना येत नव्हतं म्हणून बऱ्याच जणांना ऐकू गेलं नाही, पण पुढच्या रांगांना नीट ऐकू आलं.

"माझ्या मुलाचं नाव यातून काढा," त्या म्हणाल्या. "त्याला कोणी निवडलं नाही. तो बाजारात गेला होता आणि त्याला मारलं. आणि तो ज्याच्या दुकानात उभा होता त्यालाही."

एवढंच. घोकलेलं काही आठवलं नाही, की आठवून सोडलं, कोण जाणे. कोणी टाळी वाजवली नाही. उपसभापतींनी घाईने पुढच्या आईला पुढे केलं. साहेब मागेच उभे होते, लिफ्टच्या दाराशी.

पुढची गोष्ट आधीच सांगून टाकायला हरकत नाही. साहेबांनी तिला नोकरीवरून काढलं नाही, बदलीही केली नाही. तिला वाटलं होतं करतील. त्या दिवसापासून ते जिन्याने जातात, चार मजले, मध्ये दोनदा थांबून. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे. नाव अजून भिंतीवर आहे. सासूबाईंनी अर्ज दिला आहे, सून दर आठवड्याला त्याची चौकशी करते, आणि उत्तर मिळतं की दगडातलं आहे, वेळ लागेल. ती म्हणते लागू दे, मी इथेच आहे, वर नाहीतर खाली.

त्या दिवशी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दोघी बसथांब्यावर येऊन बसल्या. ऊन होतं. सासूबाईंच्या इस्त्रीचे कपडे चुरगळले होते. दोघी बस येणाऱ्या दिशेला बघत होत्या.

"तू काही म्हणाली नाहीस," सासूबाई म्हणाल्या.

"कशाबद्दल?"

"मी पाठवलं त्याबद्दल. राग आला असेल तुला."

ती खोटं बोलली असती तर चाललं असतं. पण आज खोटं पुरेसं झालं होतं. "आला," ती म्हणाली. "लिफ्टमध्येच आला. फार आला. अजून थोडा आहे."

सासूबाईंनी मान डोलवली. त्यांना हे उत्तर आवडल्यासारखं वाटलं. "असू दे. मला निदान कोणीतरी रागवायला हवं होतं. सगळ्या जणी वाकून नमस्कारच करायच्या." मग त्यांचा आवाज फुटला. मुलगा गेल्यापासून सुनेने त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. अर्पिताच्या आईने रडायचं नसतं, असं त्या चौघांनी सांगितलं होतं. आता त्या भर रस्त्यात, थांब्यावरच्या माणसांच्या देखत, तोंड उघडं टाकून रडल्या. सुनेने त्यांना धरून ठेवलं. एक बस आली आणि गेली.

दुसरी बस येईपर्यंत त्या शांत झाल्या. नाक पुसून म्हणाल्या, "पहाटे उठून मी देवाशी काय बोलायची, ठाऊक आहे? तू बोलावलंस, तू बोलावलंस, तूच बोलावलंस. रोज. मी पाठवलं असं म्हणायचं धाडस नव्हतं, म्हणून त्याच्या माथी मारत होते. आणि आतून त्याला शिव्या देत होते. इतकी वर्षं."

"मग आता उद्या देवाशी काय बोलणार?"

बस थांब्याला लागली, माणसं चढायला लागली, आणि सुनेने त्यांना उठवायला हात पुढे केला.

"सांगेन की, तुझी काही चूक नव्हती," त्या म्हणाल्या. "त्यालाही कोणीतरी सांगायला हवं ना."